हवेवर धावणारे चाक देणारा पशुवैद्य : जॉन बॉइड डनलॉप

सकाळी शाळा भरण्याच्या वेळी फाटकाशी थोडा वेळ उभे राहून पाहा. कुणी सायकलवरून येतो, कुणी बाबांच्या स्कूटरवरून, कुणी रिक्षातून, कुणी व्हॅनमधून, तर कुणी मोटारीतून. वाहने वेगवेगळी, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. प्रत्येकाच्या चाकावर रबराचा टायर आहे आणि त्या टायरमध्ये दाबून भरलेली हवा आहे. ही हवा दिसत नाही, म्हणून तिची आठवणही राहत नाही. आपले सगळे ओझे मात्र तीच वाहते.

चाक हवेवर चालवावे ही कल्पना ज्याने घरोघरी पोहोचवली तो कोणी मोठा यंत्रशास्त्रज्ञ नव्हता. तो जनावरांचा डॉक्टर होता आणि त्याने हे काम केले ते स्वतःच्या मुलासाठी. त्याचे नाव जॉन बॉइड डनलॉप. त्याच्या चरित्राची ही ओळख.

बालपण आणि शिक्षण

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडच्या एअरशायर भागातील ड्रेगहॉर्न या खेड्यात एका शेतकरी घरात झाला. आपण दिवस भरण्याच्या दोन महिने आधीच जन्मलो, असे त्यांना लहानपणी सांगण्यात आले होते. त्यामुळे आपली प्रकृती नाजूक आहे अशी त्यांची समजूत झाली आणि ती आयुष्यभर टिकली. ते स्वतःला फार जपत. गंमत अशी की, एक्क्याऐंशी वर्षांच्या आयुष्यात अखेरच्या दुखण्यापर्यंत त्यांना कोणताही गंभीर आजार झाला नाही!

त्यांनी एडिंबरा येथे पशुवैद्यकाचे शिक्षण घेतले आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पशुवैद्य झाले. जवळजवळ दहा वर्षे स्कॉटलंडमध्ये काम केल्यावर १८६७ साली ते आयर्लंडमधील डाउनपॅट्रिक या गावी गेले. तेथे भाऊ जेम्स यांच्या सोबतीने त्यांनी दवाखाना चालवला आणि नंतर बेलफास्ट शहरात स्वतःचा व्यवसाय थाटला. १८८५ च्या सुमारास त्यांचा दवाखाना आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत गणला जाऊ लागला होता. त्या काळी शहराचा सगळा व्यवहार घोड्यांवर चाले. त्यामुळे घोडा, गाडी, ओझे आणि खराब रस्ता यांचा संबंध डनलॉप रोजच्या रोज पाहत होते. कामासाठी लागणाऱ्या रबराच्या वस्तू हाताळण्याची आणि तयार करण्याचीही त्यांना सवय होती.

मुलाची तीनचाकी

डनलॉप यांचा मुलगा जॉनी १८८७ साली नऊ-दहा वर्षांचा होता. त्याच्याकडे एक तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांवर भरीव रबराची पट्टी होती. बेलफास्टचे रस्ते दगडी चिऱ्यांचे. अशा रस्त्यावर भरीव रबराचे चाक म्हणजे प्रत्येक चिऱ्यागणिक एक हादरा! आपल्याकडे ज्यांनी लोखंडी धाव बसवलेल्या बैलगाडीतून प्रवास केला आहे, त्या आजी-आजोबांना विचारा. अंग कसे खिळखिळे होते ते त्यांना चांगले आठवत असेल.

जॉनीला हादरे कमी बसावेत आणि सायकल वेगाने चालावी, असे वडिलांना वाटले. त्यांनी वेगळाच विचार केला. चाक आणि रस्ता यांच्यामध्ये जाड रबर घालण्याऐवजी हवाच घातली तर?

त्यांनी लाकडाची एक मोठी चकती घेतली. पातळ रबराच्या पत्र्यापासून नळी तयार करून ती चकतीच्या कडेने बसवली आणि वरून कापड गुंडाळून ते खिळ्यांनी पक्के केले. फुटबॉलमध्ये हवा भरण्याच्या पंपाने नळी फुगवली. मग घराच्या अंगणात दोन चाके एकेक करून ढकलून पाहिली. पहिले होते जॉनीच्या सायकलचे जुने चाक. ते अंगण पार करण्याआधीच पडले. दुसरी होती हवेची नळी लावलेली चकती. ती अंगण ओलांडून पलीकडे गेली आणि फाटकाच्या खांबावर आपटून उलटी परतली. ढकलणारा हात तोच होता. फरक केला होता तो हवेने.

यानंतर जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन चाकांना असे हवेचे टायर बसवण्यात आले. २८ फेब्रुवारी १८८८ रोजी जॉनीने त्या सायकलवरून फेरी मारली आणि प्रयोग यशस्वी झाला. पुढे मोठ्या सायकलींसाठीही टायर तयार झाले. बेलफास्टमधील एडलिन या सायकल बनवणाऱ्यांनी या कामी त्यांना मदत केली. डिसेंबर १८८८ मध्ये डनलॉप यांना या शोधाचे पेटंट मिळाले.

हसणारे गप्प झाले

नवी वस्तू आली की लोक आधी हसतात. या जाड, फुगीर टायरांनाही लोक हसले. पण बेलफास्टचा सायकलपटू विल्यम ह्यूम याने धाडस केले. त्याने हवेचे टायर लावलेली सायकल विकत घेतली. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सामने झाले. ह्यूम सायकलच्या चार शर्यतींत उतरला आणि चारही जिंकला. त्यानंतर लिव्हरपूल येथेही त्याने एक सोडून बाकीच्या सगळ्या शर्यती जिंकल्या. हसणारे गप्प झाले.

डब्लिनचे हार्वे ड्यू क्रो हे व्यापारी आयर्लंडच्या सायकलपटूंच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि त्यांची मुले नावाजलेली सायकलपटू होती. या टायरचे महत्त्व त्यांनी लगेच ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १८८९ साली डब्लिनमध्ये टायर बनवणारी कंपनी स्थापन झाली. डनलॉप यांनी आपले पेटंट कंपनीला दिले आणि बदल्यात कंपनीचे शेअर घेतले.

पेटंट गेले, काम राहिले

येथे गोष्टीला एक वळण मिळते. पेटंट मिळून दोन वर्षे होतात न होतात तोच कळले की ते टिकणार नाही. कारण हाच विचार चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका माणसाने केला होता. तोही स्कॉटिश होता. त्याचे नाव रॉबर्ट विल्यम थॉमसन. १८४५ साली, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, थॉमसनने हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. त्याची चाके घोडागाड्यांना लावून लंडनमध्ये दाखवलीही गेली होती. पण तेव्हा सायकलींचा काळ आलेला नव्हता, पातळ रबर महाग होते आणि बनवायला अवघड होते. त्यामुळे ती कल्पना विसरली गेली. थॉमसन १८७३ साली वारला. डनलॉप यांना या जुन्या कामाची काहीच माहिती नव्हती. त्यांनी सगळे स्वतः नव्याने शोधले होते. तरी कायद्याच्या दृष्टीने पहिला मान थॉमसनचाच होता.

कंपनी मात्र बुडाली नाही. टायर रिमवर पक्का बसवण्याच्या आणि सहज काढता येण्याच्या नव्या युक्त्या १८९० साली इतरांनी शोधल्या होत्या. वेल्च आणि बार्टलेट यांची ही पेटंटे कंपनीने मिळवली. आधी टायर चाकाला चिकटवलेला असे आणि पंक्चर काढायचे म्हणजे तासन्‌तास खटपट करावी लागे. आता टायर काढून ट्यूब दुरुस्त करणे सोपे झाले. आज आपला पंक्चरवाला दोन लोखंडी पट्ट्यांनी टायर सोडवून ट्यूब बाहेर ओढतो, त्यामागे या सुधारणा आहेत.

१८९५ च्या सुमारास डनलॉप कंपनीच्या कारभारातून बाहेर पडले. १८९६ साली ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली आणि लवकरच पन्नास लाख पौंडांची म्हणून पुन्हा बाजारात आली. ज्याच्या नावावर हा सगळा पैसा उभा राहिला, त्या डनलॉप यांना त्यातून फार मोठी संपत्ती मिळाली नाही. दाढीवाल्या डनलॉप यांचे चित्र कंपनीचे चिन्ह म्हणून जगभर पोहोचले. ते स्वतः डब्लिनमध्ये शांतपणे राहिले आणि कापडाच्या एका पेढीच्या व्यवहारात लक्ष घालत राहिले. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी थंडी बाधल्याचे निमित्त होऊन त्यांचे निधन झाले. डब्लिनच्या डीन्स ग्रेंज दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. त्यांनी लिहून ठेवलेला हवेच्या टायरचा इतिहास पुढे त्यांच्या कन्येने प्रसिद्ध केला. उत्तर आयर्लंडमधील नॉर्दर्न बँकेने दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापून त्यांचा गौरव केला.

सायकलकडून मोटारीकडे

हवेचा टायर मोटारीला लावण्याचे धाडस फ्रान्सच्या मिशलाँ बंधूंनी केले. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत त्यांनी हवेच्या टायरांवर मोटार चालवली. वाटेत इतकी पंक्चर झाली की बरोबर नेलेल्या ट्यूब संपल्या, पण मोटार हवेवर धावू शकते हे सिद्ध झाले. पुढे डनलॉप कंपनीही मोटारीचे टायर बनवू लागली. भारतात १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंज येथे तिचा कारखाना सुरू झाला. आपल्या वाडवडिलांच्या सायकलींवर आणि मोटारींवर दिसणारे डनलॉप हे नाव बहुधा तेथूनच आले. काळाच्या ओघात साहागंजचा कारखाना बंद पडला. मूळ ब्रिटिश कंपनीही १९८५ साली दुसऱ्या उद्योगसमूहाने विकत घेतली.

जाता जाता एका शब्दाची गंमत. जादा चाकाला आपण स्टेपनी म्हणतो. सुरुवातीच्या मोटारींबरोबर जादा चाक येतच नसे. वेल्समधील लॅनेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली असे जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर होते. त्या रस्त्याचे नाव आपल्या बोलीत येऊन बसले.

ओझे कोण वाहते?

मित्रहो, आता डनलॉप यांच्या शोधाचे मर्म समजून घेऊ. पुष्कळांना वाटते की मोटारीचे वजन रबर पेलते. खरे तर ते मुख्यतः आतली हवा पेलते. रबर आणि त्यातले धागे-तारा त्या हवेला कोंडून धरतात.

एक सोपे गणित करू. माणसांसह मोटारीचे वजन सुमारे १०८० किलो आहे असे समजा. चार चाकांत ते सारखे वाटले तर प्रत्येक चाकावर २७० किलो आले. टायरमध्ये ३२ पौंड हवा आहे, म्हणजे दर चौरस इंचाला ३२ पौंड दाब. आपल्या मापात हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो होतो. २७० ला सव्वादोनने भागा. उत्तर येते १२०. म्हणजे टायर जमिनीला साधारण १२० चौरस सेंटिमीटर इतकाच टेकतो. आपले पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर असते. सगळे कुटुंब घेऊन धावणारी मोटार रस्त्याला जेमतेम चार पोस्टकार्डांएवढी टेकलेली असते! वळणे, ब्रेक लावणे, पावसात सावरणे, सगळे त्या चार पोस्टकार्डांच्या भरवशावर.

हवा कमी झाली तर हा टेकलेला भाग वाढतो. टायर पसरतो, त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात आणि पुन्हा सरळ होतात. लोखंडाची तार वारंवार वाकवली तर ती गरम होते, तसाच टायरही गरम होतो. वेग जास्त, ओझे जास्त आणि ऊनही कडक असेल तर आतले थर सुटतात आणि टायर फुटतो. म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, हा सर्रास ऐकू येणारा सल्ला चुकीचा आणि धोक्याचा आहे. टायर तापण्याचे मोठे कारण कमी हवा हेच आहे. उलट प्रमाणाबाहेर हवा भरली तर टायरचा मधलाच पट्टा टेकतो आणि झिजतो, पकड कमी होते आणि खड्ड्यांत हादरे बसतात. जॉनीला बसत होते तसेच!

हा फरक सायकलवर पाहता येतो. टायर ओला करून कोरड्या फरशीवरून एकदा पुरेशी हवा असताना आणि एकदा थोडी कमी असताना कुणाला तरी बसवून सायकल सावकाश पुढे न्या. दोन्ही ठशांची रुंदी मोजा. मग पुन्हा पूर्ण हवा भरायला विसरू नका.

पालकांसाठी थोडेसे

आपल्या मोटारीला किती हवा लागते ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत छापलेले असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा त्या टायरला सहन होणाऱ्या कमाल दाबाचा असतो. तो भरायचा आकडा नव्हे. पुढच्या व मागच्या चाकांची हवा वेगळी असू शकते, स्कूटरची तर बहुधा असतेच. गणपतीला किंवा दिवाळीला सगळे घर सामानासह गावी निघते, तेव्हा पूर्ण ओझ्यासाठी दिलेला आकडा पाहावा.

हवा तपासायची ती टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन-चार तास उभी असताना किंवा जेमतेम एक-दोन किलोमीटर चालली असताना. धावल्यावर दाब आपोआप काही पौंड वाढतो. तो वाढलेला पाहून हवा सोडू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते. चांगल्या टायरमधूनही महिन्याला साधारण एक-दोन पौंड हवा आपोआप निघून जाते. म्हणून पंधरा दिवसांतून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी हवा पाहावी. पायाने ठोकून किंवा नुसत्या नजरेने काही कळत नाही, गेज लावूनच पाहावे. व्हॉल्व्हची टोपी हरवली तर लगेच दुसरी बसवावी, नाही तर आत धूळ जाते. स्टेपनीची हवा तर आपण नेमकी विसरतो आणि गरज पडते तेव्हा तीच बसलेली सापडते! नायट्रोजन भरला म्हणजे तपासायला नको, असेही नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

टायरची नक्षी शोभेसाठी नसते. तिच्या खाचांतून पावसाचे पाणी बाहेर फेकले जाते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, की टायर बदलायलाच हवा. पावसाळ्यात तर त्याआधीच बदललेला बरा. टायर एकाच कडेने झिजत असेल तर चाकांचे अलाइनमेंट तपासून घ्यावे. दर आठ-दहा हजार किलोमीटरनंतर चाकांच्या जागा बदलल्या तर झीज सारखी होते. टायरला वयही असते. बाजूवरच्या चार आकड्यांत ते लिहिलेले असते. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी चांगली दिसली तरी जुन्या टायरचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात.

मुलांना शाळेत आणणाऱ्या रिक्षा आणि व्हॅन यांच्याबाबतही हे सगळे लागू आहे, किंबहुना जास्तच. चालकाला भाडे किती, वेळ कोणती हे आपण विचारतो. टायर गुळगुळीत तर झाले नाहीत ना, हवा शेवटी कधी पाहिली, हेही आपुलकीने विचारावे. पेट्रोल पंपावर हवा तपासायला पाच मिनिटे पुरतात.

डनलॉप यांच्या आयुष्यात पेटंट आले आणि गेले, कंपनी मोठी होऊन दुसऱ्यांच्या हाती गेली. टिकले ते एका वडिलांनी मुलाच्या सायकलसाठी केलेले काम. आपल्या मुलाचा प्रवास सुखाचा व्हावा एवढीच त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी चाकात हवा भरली. आज आपल्याला काही नवे शोधायचे नाही. त्यांनी भरलेली ती हवा चाकात योग्य प्रमाणात राहील, एवढेच पाहायचे आहे. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, या रविवारी आपल्या सायकलची हवा स्वतः तपासा आणि घरातल्या मोठ्यांनाही त्यांच्या गाडीच्या हवेची आठवण करून द्या.